हाती नाही ते विकणे

शेअरबाजारात भाव कोसळू लागले की दोन दिवसांच्या आत एक मागणी हमखास पुढे येते. ज्यांच्यापाशी शेअर नाहीत आणि तरीही जे ते विकीत सुटले आहेत, त्या मंदीवाल्यांना सरकारने आवर घालावा, ही ती मागणी होय. भाव चढत असताना तेजीवाल्यांविरुद्ध अशी ओरड झाल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. ऐपत नसताना उसन्या पैशांवर शेअर घेणाऱ्यास आपण धाडसी म्हणतो, दूरदर्शी म्हणतो. आणि शेअर नसताना ते विकणाऱ्यास मात्र लुटारू ठरवितो. वस्तुतः एकाने पैसा उसना घेतलेला असतो, दुसऱ्याने माल. नीतीच्या दृष्टीने या दोघांत फारसे अंतर मला तरी दिसत नाही. तथापि कायद्याने गेली चारशे वर्षे मंदीवाल्यावरच विशेष डोळा ठेवला आहे. तो का ठेवला, त्यातून काय साधले आणि आज आपल्या देशात याबाबत कोणते नियम आहेत, याचा थोडा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे.

हाती नाही ते विकायचे कसे, हा प्रश्न ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. शेजारधर्मातले एक उदाहरण घेऊ. समजा, ज्वारीचा भाव आज चढा आहे आणि सुगी दोन महिन्यांवर आली आहे. सुगी झाली म्हणजे भाव उतरणार असे एका गृहस्थास वाटते. त्याच्या घरी ज्वारी नाही. तो शेजाऱ्याकडून दहा पोती उसनी आणतो, सुगीनंतर दहाच्या दहा पोती परत करीन आणि वर चार पायल्या जास्त देईन असे कबूल करतो, आणि ती पोती आजच्या चढ्या भावाने विकून टाकतो. पुढे भाव खरोखरच उतरला, तर स्वस्तात दहा पोती घेऊन तो देणे फेडतो आणि मधला फरक त्याच्या गाठीस राहतो. पण पावसाने दगा दिला आणि भाव दुप्पट झाला, तर त्याच दुप्पट भावाने दहा पोती विकत घेऊन त्याला शेजाऱ्याच्या दारात टाकावी लागतात. ज्वारीच्या जागी शेअर घातले म्हणजे ज्यास ‘शॉर्ट सेलिंग’ म्हणतात तो व्यवहार झाला. यातील धोका एकतर्फी आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोख पैसे देऊन शेअर घेणाऱ्याचे नुकसान फार तर त्याने घातलेल्या रकमेएवढे होईल, कारण भाव शून्याच्या खाली उतरत नाही. उसने घेऊन विकणाऱ्याच्या नुकसानीस मात्र मर्यादा नाही. भावाला वरच्या बाजूस छप्पर नसते.

आता याच व्यवहाराचा दुसरा प्रकार पाहा. तो गृहस्थ शेजाऱ्याकडे जातच नाही. ज्वारी उसनी मिळेल की नाही याची चौकशी न करताच तो बाजारात दहा पोती विकून मोकळा होतो. ‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही आपली म्हण अशाच सौद्यांसाठी असावी. गावात दोनशेच पोती असताना असे पाच जण मिळून पाचशे पोती विकू शकतात. घेणाऱ्यांना माल पोचण्याचा संभव नाही आणि तोवर भाव मात्र पाचशे पोत्यांच्या भाराने खाली दबलेला. हिला आपण उघडी विक्री म्हणू. मंदीवाल्यांविषयीच्या सगळ्या वादाचे मर्म उसन्या विक्रीत आणि उघड्या विक्रीत फरक करण्यात आहे, आणि कायदे करणाऱ्यांना तो फरक करावयास फार काळ लागला.

या वादाचा आरंभ ॲमस्टरडॅम येथे झाला. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली आणि तिचे भाग त्या शहरात विकले जाऊ लागले. आयझॅक ल मेर हा त्या कंपनीचा एक मोठा भागधारक. संचालकांशी त्याचे बिनसले आणि १६०५ साली तो कंपनीच्या कारभारातून बाहेर पडला. १६०९ साली त्याने काही साथीदार जमवून कंपनीचे भाग पुढील तारखेस देण्याच्या बोलीने विकावयास सुरुवात केली. भाव घसरला. संचालक सरकारकडे धावले. या विक्रीने विधवा व अनाथ यांचे नुकसान होत आहे, असा आक्रोश त्यांनी केला. विधवा आणि अनाथ तेव्हापासून आजतागायत अशा प्रत्येक अर्जात आढळतात! मंदीवाल्यांचे उत्तर असे, की भाव आमच्यामुळे नव्हे, तर कंपनीच्या गलथान कारभारामुळे उतरला आहे. सरकारने संचालकांचे ऐकले आणि फेब्रुवारी १६१० मध्ये आपल्या नावावर नसलेले भाग विकण्यास बंदी घातली. मौज अशी, की ल मेर आणि त्याचे साथीदार यांना कायद्यापेक्षा बाजारानेच अधिक शिक्षा केली. भाव पुन्हा चढले आणि त्यांच्यापैकी कित्येकांचे दिवाळे वाजले. उलट ती बंदी पुढील काही दशकांत पुनःपुन्हा जाहीर करावी लागली, यावरून ती किती पाळली गेली हे उघड आहे. जाता जाता सांगावयास हरकत नाही, की कंपनीची मक्तेदारी चुकवून पूर्वेकडे जाण्याची दुसरी वाट शोधण्यासाठी याच ल मेरने आपल्या मुलाला समुद्रावर धाडले आणि १६१६ साली केप हॉर्नला वळसा घालून जाणारी वाट युरोपास ठाऊक झाली. हट्टी माणसाचा हट्ट कधी भलतीकडेच फळतो तो असा.

इंग्लंडने १७३४ साली सर जॉन बर्नार्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा करून असे सौदे बेकायदा ठरविले. तो कायदा १८६० साली रद्द होईपर्यंत पुस्तकात राहिला आणि सौदे बाजारात चालू राहिले. न्यायालयाचे दार बंद झाल्यामुळे दलालांनी शब्दाच्या इभ्रतीवर व्यवहार केला. जो शब्द मोडी त्यास ‘लंगडे बदक’ म्हणून बाजारातून घालवून देत. न्यूयॉर्क राज्याने १८१२ साली बंदी केली आणि १८५८ साली ती उठविली. कथा तीच, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवीत नाही.

आपल्याकडे वळू. इंदुरात कापसाचा सट्टा ज्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला, त्यांना वायद्याची भाषा नव्याने शिकवावयास नको. मुंबईने तर १८६५ सालीच या विद्येची फी भरली आहे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला, आणि १ जुलै १८६५ ही देण्याघेण्याची तारीख ठरवून प्रचंड सौदे झाले. यादवी संपली, कापूस कोसळला, आणि त्या तारखेस घेणाऱ्यांजवळ पैसे नव्हते. येथे दोष तेजीवाल्यांचा होता. पण तत्त्व तेच. एकाने नसलेल्या पैशाने घेतले होते, आणि माल देतो म्हणणाऱ्याकडे माल आहे की नाही हे पाहण्याची कोणतीही व्यवस्था बाजारात नव्हती.

पुढील शंभर वर्षांत मुंबईच्या बाजारात ‘बदला’ नावाची पद्धत रुजली. वलणाच्या दिवशी ज्यास माल उचलावयाचा नाही किंवा द्यावयाचा नाही, त्याने ठरावीक आकार देऊन सौदा पुढच्या वलणावर ढकलावा, असे तिचे स्वरूप. बहुधा तेजीवाला हा आकार भरी. पण मंदीवाल्यांनी फार विकून ठेवले असेल आणि मालाची टंचाई असेल तर उलट मंदीवाल्यालाच भरावा लागे, त्यास उंधा बदला म्हणत. शेअर-सौद्यांवरील १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन केंद्र सरकारने २७ जून १९६९ रोजी वायद्याच्या सौद्यांवर बंदी घातली. बदला तरीही निरनिराळी रूपे घेत जगला.

त्या काळातील एक प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात असेल. मार्च १९८२ मध्ये मंदीवाल्यांच्या एका गटाने, त्यात कलकत्त्याकडील दलालांचा पुढाकार होता असे म्हटले जाते, रिलायन्स टेक्स्टाइल्सचे शेअर जवळ नसताना मोठ्या प्रमाणावर विकले. वलणाला सौदा पुढे ढकलता येईल हा त्यांचा हिशेब. परंतु कंपनीच्या बाजूच्या दलालांनी विकला जाणारा माल सगळा उचलला आणि एप्रिलअखेरीच्या वलणाला, बदला नको, शेअर आणून द्या, असा हट्ट धरला. शेअर होते कोठे? मुंबईचा बाजार मे महिन्याच्या आरंभी तीन दिवस बंद ठेवावा लागला, आणि मंदीवाल्यांना मिळेल त्या भावाने शेअर गोळा करून देणे चुकवावे लागले. या प्रकरणाच्या इतर बाजूंविषयी मतभेद आहेत. ते येथे नकोत. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की १९६९ ची बंदी ज्या मंदीवाल्यांना अडवू शकली नाही, त्यांना ‘माल द्या’ या दोन शब्दांनी अडविले.

सेबीने, म्हणजे भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, डिसेंबर १९९३ मध्ये बदला बंद केला. १९९६ साली तो काही अटींवर परत आला आणि जुलै २००१ मध्ये कायमचा गेला. २००१ चे साल विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी अर्थसंकल्पानंतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाजार कोसळला आणि सेबीने हाती नसलेल्या शेअरांच्या विक्रीस तातडीने बंदी केली. बाजार सावरला नाही. सावरणार कसा? काही ठरावीक शेअरांचे भाव बँकांच्या पैशाने अवाच्या सवा फुगविले गेले होते. केतन पारेख या दलालास पुढे सेबीने चौदा वर्षे बाजाराबाहेर काढले, आणि अहमदाबादेची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक या व्यवहारांत बुडाली. खड्डा तेजीवाल्यांनी खणला होता आणि बंदी मंदीवाल्यांवर आली होती. ज्या ठेवीदारांचे पैसे त्या बँकेत अडकले, त्यांपैकी कोणालाही शेअर म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. भाव फुगत असतानाच कोणी विकून त्यांना टाचणी लावली असती, तर त्या ठेवीदारांचे काही पैसे वाचते, असे मानण्यास जागा आहे.

मंदीवाल्यांच्या विरोधी पक्षाचे म्हणणे अर्थात अगदी पोकळ नाही. बँकेसारख्या संस्थेची गोष्ट गिरणीहून निराळी असते. गिरणीचा शेअर उतरला म्हणून तिचे माग थांबत नाहीत. बँकेचा शेअर उतरला की ठेवीदार घाबरतात, ठेवी काढतात, आणि सुदृढ बँकही आजारी पडते. म्हणून सप्टेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाल्यावर अमेरिकेच्या रोखे आयोगाने सुमारे आठशे वित्तसंस्थांच्या शेअरांची अशी विक्री तीन आठवडे बंद ठेवली, ब्रिटननेही जानेवारी २००९ पर्यंत तसेच केले. फळ काय झाले? अमेरिकेत बंदी असतानाही भाव पडत राहिले आणि मार्च २००९ पर्यंत तळ गाठला गेला नाही. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष ख्रिस्टोफर कॉक्स यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस, या बंदीचे तोटे तिच्या फायद्यांहून अधिक ठरले असे दिसते, अशी कबुली दिली. बेबर आणि पगानो या अर्थशास्त्रज्ञांनी तीस देशांतील बंद्यांचा अभ्यास करून २०१३ साली तो प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा, की बंदीने भाव सावरले नाहीत. उलट देवघेव मंदावली आणि घेण्याच्या व विकण्याच्या भावांतील अंतर वाढले, म्हणजे अडचणीत विकावयास निघालेल्या सामान्य भागधारकालाच भुर्दंड बसला.

याहून बोलके उदाहरण जर्मनीचे आहे. वायरकार्ड नावाची पैशांची देवघेव करणारी कंपनी तेथील सर्वांत मोठ्या तीस कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली होती. तिच्या हिशेबात घोटाळा आहे असे लंडनच्या फायनान्शियल टाइम्स या दैनिकाने २०१९ च्या आरंभी लिहिले, मंदीवाले विकू लागले, आणि जर्मनीच्या नियामक संस्थेने फेब्रुवारीत त्या एका कंपनीच्या शेअरांची नवी मंदीची विक्री दोन महिने बंद केली. एवढ्यावर न थांबता त्या दैनिकाच्या वार्ताहरांविरुद्ध फिर्यादही दाखल केली. सामान्य जर्मन गुंतवणूकदाराने यातून काय समजावे? सरकारच पाठीशी आहे, तेव्हा कंपनी साफ असली पाहिजे. जून २०२० मध्ये १९० कोटी युरो कोठेच अस्तित्वात नाहीत असे उघड झाले आणि कंपनीने दिवाळे जाहीर केले. बंदीवर विसंबून ज्यांनी शेअर ठेवले वा नव्याने घेतले, त्यांचे पैसे गेले. अफवा पसरवून भाव पाडणे हा गुन्हाच आहे आणि त्यास शिक्षा हवी. पण अफवा पसरवून भाव चढविणे हाही तितकाच गुन्हा आहे, आणि दोहोंसाठी लबाडीविरुद्धचा सामान्य कायदा पुरेसा आहे. खरे बोलून विकणाऱ्याला गप्प बसविण्याचा अधिकार नियामकाने स्वतःकडे घेतला, की पुढील प्रत्येक कंपनीच्या खरेपणाची हमी त्याने नकळत स्वतःच्या शिरावर घेतली असे होते.

या दोन टोकांच्या मधली एक वाट अमेरिकेने १९३८ साली चोखाळली होती. आधीच्या सौद्याहून भाव किंचित चढा असेल तरच अशी विक्री करता येईल, असा तो नियम. उतरणीवर आणखी ढकलता येऊ नये हा हेतू. २००७ साली तो रद्द झाला आणि २०१० साली, एखादा शेअर एका दिवसात दहा टक्के पडला तरच लागू होणारा, असा मवाळ होऊन परत आला. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१२ पासून उघड्या विक्रीस मनाई केली आणि मोठ्या मंदीवाल्यांना आपली विक्री जाहीर करावयास लावले. दक्षिण कोरियात परदेशी बँकांनी उघडी विक्री केल्याचे उघडकीस आल्यावर नोव्हेंबर २०२३ पासून सगळीच मंदीची विक्री बंद झाली होती. विकण्यापूर्वी शेअर खरोखर उसने मिळाले आहेत की नाहीत हे तपासणारी यंत्रणा उभी करून ती ३१ मार्च २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. बंदी करणाऱ्या देशालाही शेवटी शेजाऱ्याच्या पोत्यांची मोजदाद करणे हेच काम करावे लागले.

भारताचा आजचा नियम याच जातीचा आहे, आणि माझ्या मते तो पुष्कळ देशांच्या नियमांहून शहाणा आहे. २००१ च्या बंदीनंतर त्याच वर्षी किरकोळ गुंतवणूकदारांना मुभा परत मिळाली. विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, परदेशी संस्था यांना मात्र ती एप्रिल २००८ मध्ये मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये सेबीने हे नियम पुन्हा स्पष्ट केले. उघडी विक्री कोणालाही करता येत नाही. विकलेला माल वलणाच्या वेळी द्यावाच लागतो. संस्थांना सौद्याची मागणी नोंदवितानाच, ही मंदीची विक्री आहे, असे सांगावे लागते. किरकोळ विक्रेत्याने ते त्या दिवसाचा बाजार संपेपर्यंत सांगावयाचे. शेअरबाजारांनी ही माहिती एकत्र करून आठवड्यातून एकदा सर्वांसाठी प्रसिद्ध करावयाची. सकाळी विकून दुपारी घेणे व्यक्तीला चालते, संस्थांना तेही चालत नाही. जानेवारी २०२३ पासून वलण सौद्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी होते. त्या वेळी ज्याने शेअर दिले नाहीत, त्याच्यासाठी शेअरबाजार लिलावाने दुसरीकडून शेअर मिळवितो आणि वाढीव भाव व दंड त्याच्या माथी मारतो. मार्च २०२० मध्ये महामारीच्या भीतीने बाजार कोसळला तेव्हा फ्रान्स, इटली, स्पेन यांनी बंदी केली. सेबीने बंदी न करता निर्देशांकावरील मंदीच्या सौद्यांना मर्यादा आणि काही शेअरांवरील सौद्यांना अधिक कडक अटी लावल्या.

उणीव एका ठिकाणी राहिली आहे. शेअर उसने देण्याघेण्याची अधिकृत सोय २००८ पासून असूनही तिचा वापर तुटपुंजा आहे. उसने देणाऱ्याला भाडे मिळते, लाभांशही त्याचाच राहतो. तरीही कपाटातले शेअर, आता ते कपाटात नसून संगणकावरील खात्यात असतात, परक्याच्या हाती देण्यास आपला भागधारक बिचकतो. परिणामी भाव उतरणार असे ज्यास वाटते तो रोखीच्या बाजाराकडे न फिरकता वायद्याच्या बाजारात जातो, जो आपल्याकडे २००० सालापासून निर्देशांकांवर आणि २००१ पासून एकेका शेअरवर पुन्हा रीतसर चालतो. तेथे धोका अधिक आहे. वायदे व विकल्प यांत व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी त्र्याण्णव टक्क्यांना २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत तोटाच झाला, असे सेबीच्याच पाहणीत आढळले. पूर्वी एकेका शेअरवरील वायद्यातही केवळ भावातील फरक चुकवून सुटता येत असे. ऑक्टोबर २०१९ पासून ती सवलत राहिलेली नाही, आणि मुदत संपेपर्यंत ज्याने सौदा उलटविला नाही त्या विक्रेत्याला शेअर आणून द्यावे लागतात.